पैसे देऊ करूनही न छापलेली जाहिरात

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले होते. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे आपल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्रात नमूद केलं आहे. आमची बाजू घ्या, असं कुणी ‘केसरी’ला सांगितलं नव्हतं. असं एक पत्र निघतंय एवढंच वाचकांना कळवायचं होतं.

यात ‘मूकनायक’चं नुकसान झालं, हे उघड आहे. ‘केसरी’च्या वाचकाचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळंही खुलं केलं होतं. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह हजारो लोक त्या तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा त्यांना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ केली गेली. मिळालेला हक्क बजावायलाही एवढी किंमत का मोजावी लागते, याचं उत्तर ‘मूकनायक’ने आधीच मांडलेल्या अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांत होतं. ती ज्यांच्या कानावर कधी गेलीच नाहीत, त्यांना महाड म्हणजे अचानक उठलेला दंगा वाटला असेल, तर नवल नाही.

बाबासाहेब स्वतः मात्र विरोधी पत्रं बारकाईने वाचत. ‘भाला’सारख्या पत्राच्या टीकेचाही ‘बहिष्कृत भारत’मध्ये मुद्देसूद समाचार घेतलेला दिसतो. प्रतिपक्षाचं म्हणणं त्यांना पक्कं ठाऊक असे. प्रतिपक्षाने मात्र त्यांचं ऐकून घेण्याची तसदी क्वचितच घेतली.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या २०१९ च्या अहवालात देशातल्या माध्यमांमधली नेतृत्वाची १२१ पदं तपासली होती. त्यांतली १०६ उच्चवर्णीयांकडे होती. दलित वा आदिवासी एकाही पदावर नव्हता. अशा बातमीकक्षात कुणी मुद्दाम काही दडपायचीही गरज उरत नाही, कारण बातम्यांच्या बैठकीत वेगळा प्रश्न विचारणारा माणूसच नसतो. म्हणून वाचकाने आपल्या नेहमीच्या पत्राबरोबर आपल्याला न पटणारं एखादं पत्र नेमाने वाचायला हवं. आणि संपादकांनी अशा मतांना पानाच्या तळाशी, उपकार केल्यासारखी जागा न देता अग्रलेखाच्या शेजारी द्यावी.