रिपीट मुलाला, रिश्ता मुलीला?

नीटचा निकाल लागला की आपल्या घरांत दोन वेगवेगळे निर्णय होतात. मुलाला एमबीबीएस मिळालं नाही तर अब्बा म्हणतात, "एक साल और बैठ जा." लातूरच्या क्लासची चौकशी सुरू होते, होस्टेल बघितलं जातं, वेळ पडली तर अम्मीच्या बांगड्या गहाण जातात. मुलीला तेवढेच मार्क पडले, वीस-तीस जास्त पडले, तरी तिला कुणी विचारत नाही. "बीएस्सीला नाव घाला, कॉलेज घराजवळ आहे," असं परस्पर ठरतं, आणि महिन्याभरात खाला रिश्ता घेऊन येते.

हे दोन्ही निर्णय एकाच पद्धतीने होतात: पेपर न उघडता. मुलाचा 'हो' आणि मुलीचा 'नाही' निकालाच्या आधीच ठरलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की पुन्हा परीक्षेला बसायचं की नाही, हे उत्तरपत्रिकेने ठरवावं आणि ती कसोटी भावाला नि बहिणीला एकच असावी.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम बंद पडला तर आधी कुठे अडकला ते शोधतात. काहीही न बदलता तो पुन्हा चालवणाऱ्याला कुणी जिद्दी म्हणत नाही. नीटच्या बाबतीत मात्र आपण हेच करतो. तेच क्लास, त्याच नोट्स, तेच वेळापत्रक, फक्त भिंतीवर "इस बार पक्का" असा कागद.

शोधायचं कुठे? नीटची प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, ओएमआरची प्रत आणि उत्तरसूचीही मिळते. १८० प्रश्न, ७२० मार्क. बरोबर उत्तराला ४, चुकीच्याला उणे १, सोडलेल्याला शून्य. समजा १२० बरोबर, ४५ चूक, १५ सोडलेले. मार्क झाले ४३५. आता त्या ४५ चुका एकेक करून बघा. त्यातल्या २५ निव्वळ अंदाजाने ठोकल्या असतील, तर हात आवरला असता तरी २५ मार्क वाचले असते. उरलेल्या २० येत असून घाईत चुकल्या असतील, तर प्रत्येकीमागे ५ मार्क, म्हणजे १०० गेले. हाच मुलगा किंवा मुलगी ५६० वर असती. अशा पेपराला एक वर्ष द्यायलाच हवं. पण त्याच ४५ चुका फिजिक्सच्या पायालाच भोक असल्यामुळे झाल्या असतील, अकरावीचा अभ्यासच झाला नसेल, तर क्लासची रिपीटर बॅच उपयोगाची नाही. तिथे अकरावीपासून शिकवणारा माणूस लागतो. तो मिळणार नसेल आणि अभ्यासाची पद्धतही बदलणार नसेल, तर पुढच्या वर्षी तोच निकाल येईल.

दुसरी गोष्ट, मार्कांवरून वर्षांची तुलना करू नका. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात १७ जणांना. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. मग "मामूच्या मुलाला ६०० वर मिळालं नव्हतं, तुला ५४० वर काय मिळणार" या वाक्याला काय अर्थ उरतो? रँक बघा, राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा, आणि आपल्या प्रवर्गात गेल्या वर्षी प्रवेश कुठे थांबले ते बघा. २०२५ ला परीक्षेला बसलेले २२ लाखांहून जास्त आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सुमारे सव्वा लाख. या गर्दीत नुसत्या मार्कांच्या आकड्याला किंमत नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. तरीही आपली मुलं ओपनमधून फॉर्म भरतात, कारण जातीचा दाखला काढलेला नसतो, काढला तर जात वैधता प्रमाणपत्र नसतं, ते असलं तर नॉन-क्रीमी लेअरची मुदत संपलेली असते. मुलाचं एक वर्ष आणि क्लासची फी घालवायला घर तयार असतं, पण आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधायला कुणी गावाला जात नाही. रिपीटची फी भरण्याआधी हे काम करा.

आता मुलीकडे येऊ. "लड़की की उमर निकल जाएगी," असं म्हणणाऱ्यांनी बोटं मोजावीत. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर पूर्ण एक वर्ष इंटर्नशिप. अठराव्या वर्षी बारावी झालेली मुलगी एक वर्ष थांबली, तरी पंचविशीच्या आत डॉक्टर होते. भावाची उमर तीन वेळा रिपीट करूनही निघत नाही, हिची एकाच वर्षात कशी निघते? नीटला वयाची वरची मर्यादा २०२२ पासून राहिलेली नाही. ती आपण घरात घातली आहे, आणि फक्त मुलींसाठी.

"पैसा कुठून आणायचा" हा प्रश्न खरा आहे, पण तो मुलासाठीही तेवढाच खरा असायला हवा. उलट जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक शिक्षणाला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अट वर्षाला ८ लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाची. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे जागा मिळाली तर कित्येक घरांत मुलाला डॉक्टर करण्यापेक्षा मुलीला डॉक्टर करणं स्वस्त पडेल. तरी थांबवलं तिलाच जातं.

आणि मुलांनो, तुमच्याशीही बोलायचं आहे. तिसऱ्या, चौथ्या वेळी बसणं हा तुमचा हक्क नाही. घरातल्या पैशावर आणि वर्षांवर बहिणीचाही वाटा आहे. पहिल्या रिपीटनंतर रँक ठळकपणे वर सरकली नसेल तर थांबा. बीयूएमएस, बीएएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी यांतलं काही मनापासून करायचं असेल तर ते निवडा. मन नसेल तर वेगळी वाट धरा. क्लासवाले तुम्हाला थांबा म्हणणार नाहीत, तुमच्या न थांबण्यावरच त्यांची पुढची बॅच भरते.

मुलींनो, तुम्ही परवानगी मागत बसू नका, हिशोब मांडा. प्रश्नपुस्तिका, ओएमआर आणि उत्तरसूची एकत्र घ्या. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: येत असून चुकलं, अंदाजाने ठोकलं, आलंच नाही. त्याखाली लिहा की या वर्षी नेमकं काय वेगळं करणार. ते पान अब्बांसमोर ठेवा आणि भावालाही त्याचं पान आणायला सांगा. ज्याच्या पानात दम असेल त्याला वर्ष मिळेल, दोघांच्या असेल तर दोघांना. तुमच्या वर्षाचा निर्णय ज्या बैठकीत होणार आहे, त्या बैठकीत तुम्ही चहा देऊन आत जायचं नाही, बसायचं.