पिन जुनी, म्हणून कीबोर्ड भंगारात?

नवा कॉम्प्युटर आला की कार्यालयातून आधी जातो तो जुना कीबोर्ड. बटणं शाबूत, केबल शाबूत. फक्त त्याची गोल पिन लावायला नव्या मशीनला जागा नाही. सांगलीत माझं हार्डवेअर दुरुस्तीचं दुकान आहे. असे धडधाकट कीबोर्ड पोत्यात भरून किलोवर जाताना पाहिले की मला अजूनही राग येतो, कारण यातले बहुतेक काही शे रुपयांत चालू होतात.

माझ्याकडे एक डीटीपीवाले काका येतात. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, सगळं त्यांच्या टीव्हीएस गोल्डवर. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला, टकटक वाजणारा पीएस-टू कीबोर्ड. नवीन कॉम्प्युटरसोबत त्यांना कुणीतरी छोटं ॲडॉप्टर दिलं, ते चाललं नाही, आणि ‘कीबोर्ड गेलाय’ असं सांगून मोकळं केलं. काका म्हणाले, “ताई, नवा नको मला. हाच जोडून द्या.” कीबोर्डला काही झालं नव्हतं. त्या ॲडॉप्टरमध्ये चिप नसते, नुसत्या तारा इकडून तिकडे गेलेल्या असतात. पीएस-टू आणि यूएसबी असं दोन्ही ज्यांना कळतं, त्याच कीबोर्ड-माउसना ते चालतं. यूएसबीत कॉम्प्युटर ठरावीक वेळाने विचारत राहतो, काही दाबलं का? पीएस-टू कीबोर्ड विचारण्याची वाट पाहत नाही. बटण दाबताच अकरा बिटांचा निरोप स्वतःहून धाडतो. या दोघांत तारा जोडून काय होणार? मध्ये दुभाष्या लागतो, म्हणजे चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर. तो लावला आणि काका त्याच कीबोर्डवर कामाला लागले.

पिनेच्या आकारावरून निकाल देण्याची ही सवय फार नुकसान करते. आयबीएमच्या १९८४च्या एटी कॉम्प्युटरची कीबोर्डची पिन मोठी, पाच काड्यांची. १९८७च्या पीएस-टूची लहान, सहा काड्यांची. दिसायला वेगळ्या, पण आतले संकेत तेच, म्हणून तिथे मात्र साधं, बिनचिपचं ॲडॉप्टर पुरतं. उलट १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड एटीच्या पोर्टमध्ये अगदी बरोबर बसतो आणि चालत नाही, कारण त्याची संकेतांची पद्धतच निराळी. पुढे इतर कंपन्यांच्या काही कीबोर्डच्या पोटाखाली ‘एक्स’ आणि ‘ए’ असा स्विच आला, तो यासाठीच. तुमच्याकडे असा कीबोर्ड असेल तर टाकण्याआधी तो स्विच तेवढा सरकवून बघा.

नऊ पिनांच्या सीरियल माउसची तर मला विशेष माया आहे. त्याला वेगळी वीज मिळत नाही; संकेतांच्या तारांवरच्या व्होल्टेजवर तो जगतो आणि सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने आपली हालचाल कळवतो. लिनक्समध्ये त्याची सोय आजही आहे.

हे सगळं इतक्या वर्षांनी जमतं, त्याचं कारण कागदावर आहे. आयबीएमने आपल्या पीसीचे टेक्निकल रेफरन्स ग्रंथ विकायला ठेवले होते. त्यांत सर्किटचे नकाशे होते, कीबोर्ड कुठल्या बटणाला कोणता आकडा पाठवतो त्याचे तक्ते होते. त्या माहितीच्या जोरावर हौशी लोकांनी टीएमके, क्यूएमकेसारखी मोफत सॉफ्टवेअर लिहिली. एटीमेगा ३२यू४ चिपचं बोटभर बोर्ड घ्या, ते सॉफ्टवेअर भरा, १९८१चा कीबोर्डसुद्धा आजच्या यूएसबीवर टाइप करतो.

आणि तो मराठीही टाइप करतो. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, बटणाच्या जागेचा आकडा पाठवतो. एटी कीबोर्डवर ‘के’ दाबलं की ४२ जातो. इन्स्क्रिप्ट चालू असेल तर कॉम्प्युटर त्याचा ‘क’ करतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. त्याआधी बनलेल्या कीबोर्डवर आज युनिकोड मराठीत अर्ज लिहिता येतो.

आता आजच्या बिनतारी कीबोर्डकडे बघा. नखाएवढा रिसीव्हर हरवला की अनेक कीबोर्ड कायमचे मुके. रिसीव्हरशी ते काय बोलतात हे कंपनीने कुठे सांगितलेलंच नसतं, त्यामुळे माझ्यासारखीने कितीही ठरवलं तरी हात बांधलेले. ब्लूटूथचं तसं नाही, ते मानक उघडं आहे. काल-परवाचा कीबोर्ड मेला आणि चाळीस वर्षांचा चालतोय, ही परिस्थिती आपण मुकाट्याने का स्वीकारायची?

केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं ही क्षेत्रं तिने पुढे घेतली. चांगलंच आहे, पण कीबोर्ड-माउस कुणाच्या लेखी नाहीत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत मात्र कॉम्प्युटरसोबत तेही मोजले जातात. कचरा म्हणून ज्याची नोंद होते, त्याची दुरुस्तीयोग्य वस्तू म्हणूनही नोंद व्हायला हवी. कंपनीने एखाद्या मॉडेलचा रिसीव्हर देणं बंद केलं की त्याचे संकेत जाहीर करावेत, अशी सक्ती झाली पाहिजे.

नियम होईपर्यंत कार्यालयांनी आणि टायपिंग क्लासच्या चालकांनी एवढं करावं: लिलावाआधी गोल पिनेचे कीबोर्ड वेगळे काढावेत आणि एक ॲक्टिव्ह कन्व्हर्टर आणून एकेक तपासावा. जुन्या मशीनवर तपासणार असाल तर आधी ते बंद करा. चालू पोर्टमध्ये पीएस-टू पिन घातली तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो. जे चालतील ते टायपिंग शिकणाऱ्या पोरांना द्या. लॅपटॉपच्या चपट्या बटणांवर सराव करणाऱ्या त्या बोटांना खोल, ठाम बटणांची गरज आहे.