हुबेहूबपणाची किंमत

परदेशातील एका हौशी कारागिराने आपल्या घरच्या लेथवर, वायूवर चालणारी खेळातली बंदूक बनविली. तिची छायाचित्रे मध्यंतरी माझ्या पाहण्यात आली आणि मी ती माझ्या मामेभावाला दाखविली. तो कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो. मला वाटले, 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणून तो हसून सोडून देईल. पण तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हात चांगला हाय बघ याचा." त्या एका वाक्याने मला विचारात पाडले.

या प्रकाराला 'एअरसॉफ्ट' म्हणतात. त्याचा जन्म जपानमधला, १९७० नंतरच्या दशकातला. १९५८ च्या कायद्यामुळे तेथे सामान्य नागरिकाला पिस्तूल बाळगता येत नाही. म्हणून हौशी मंडळी आधी नुसत्या दिखाऊ प्रतिकृती जमवीत. पुढे सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडविणाऱ्या बंदुका आल्या. वायूच्या बंदुकीत टाकीत द्रवरूप वायू असतो. झडप क्षणभर उघडते, वायू प्रसरण पावतो आणि गोळी पुढे ढकलली जाते. सांगायला हे सोपे आहे. पण दर वेळी वायू बाहेर पडताना टाकी थंड होते, दाब उतरतो आणि पुढची गोळी मंद सुटते. सांधा केसभर सैल राहिला, तरी वायू निसटतो. मामेभाऊ म्हणाला, "दिसायला बंदूक कुणीबी करंल. गळती थांबवायची, तिथं कारागीर कळतो."

इथवर माझी काहीच तक्रार नाही. पुस्तकातला वायूचा नियम पाठ करून गुण मिळविणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तोच नियम पितळेच्या तुकड्यात उतरविणारा विरळा. 'पोरखेळ' म्हणून त्याच्याकडे नाक मुरडण्याचा अधिकार आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हा कारागीर एवढ्यावर थांबत नाही. त्याला दोन मोह पडतात. एक, बंदूक हुबेहूब खरी दिसावी. दुसरा, तिची ताकद आणखी थोडी वाढावी.

जपानने हे दोन्ही मोह ओळखले. १९७१ मध्ये तेथे असा नियम झाला की, धातूच्या दिखाऊ पिस्तुलांची नळी बुजविलेली हवी आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा. पुढे २००५ मध्ये, ताकद वाढविलेल्या बंदुकांनी धावत्या मोटारींवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले. २००६ मध्ये कायदा बदलला आणि सहा मिलिमीटरच्या गोळीच्या ऊर्जेवर ०.९८ ज्यूलची मर्यादा आली. पाव ग्रॅमहूनही हलकी गोळी सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने गेली, की ही मर्यादा गाठली जाते. तेवढ्यानेही उघडा डोळा कायमचा जाऊ शकतो.

हुबेहूबपणाची किंमत मात्र अमेरिकेत कळली. तेथे १९८८ च्या कायद्याने खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण आवश्यक केली आहे. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलँड शहरातील एका बागेत तामिर राइस हा बारा वर्षांचा मुलगा अशीच एअरसॉफ्टची बंदूक घेऊन खेळत होता. तिच्यावर नारिंगी खूण उरली नव्हती. पोलिसांची गाडी आली आणि दोनएक सेकंदांत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. बंदूक बहुधा खोटी असावी, असे दूरध्वनी करणाऱ्याने कळविले होते. ते त्या पोलिसांपर्यंत पोहोचलेच नाही. दोष त्या खेळण्याचा, असे मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या पोरावर इतक्या घाईने गोळी झाडणाऱ्यांचा दोष त्याने झाकला जाणार नाही. पण त्या दोन सेकंदांत नारिंगी रंगाचे एक बोट कदाचित पुरेसे ठरले असते, हा विचार माझी पाठ सोडीत नाही.

हे सांगितल्यावर मी मामेभावाला म्हटले, "तू केलीस, तर तिला पिवळा रंग देशील?" तो म्हणाला, "मग मजा काय ऱ्हायली?"

त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. आपण नाटकात काम करतो तेव्हा तलवार खरी दिसावी, असेच आपल्यालाही वाटते. पण ती तलवार पडदा पडल्यावर विंगेत राहते. ती हाती घेऊन कोणी बाजारात जात नाही. अनुकृतीला रंगमंचाची चौकट असते, म्हणूनच ती कला ठरते. खेळाच्या मैदानालाही अशी चौकट असते. तिच्याबाहेर पडलेली हुबेहूब वस्तू म्हणजे कला नव्हे, थाप होय. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही नकली बंदुकीचे परवान्याशिवाय खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास मनाई आहे. नकली आणि खरी यांतले अंतर किती थोडे असू शकते, हे तो कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

पण घरातल्या लेथपाशी कायदा उभा राहू शकत नाही. तेथे कारागीर एकटाच असतो. म्हणून मला वाटते, त्याने आपले कसब गळती थांबविण्यात दाखवावे, दुसऱ्याच्या डोळ्यांना फसविण्यात नव्हे. आपल्या हाताची वस्तू पाहताक्षणी खेळणे म्हणून ओळखू येणे, यात कमीपणा कसला?

मामेभावाला हे अजून पटलेले नाही. पण परवा जाताना त्याने विचारले, "पिवळ्याऐवजी भगवा चालंल का?" मी म्हटले, "लांबून दिसला म्हणजे झाले."