पालखीचा खांदा आणि कानातला मोती

बेळगावाच्या पश्चिमेस, बेळगुंदीच्या वाटेवरील एका गावच्या जत्रेत आम्ही जे पाहिले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. पालखी उठण्याची वेळ झाली होती. खांदेकऱ्यांत पंचविशीचा एक तरुण येऊन उभा राहिला. मानेवर रुळणारे केस, उजव्या कानात मोती, अंगात फुलाफुलांचा डाळिंबी सदरा. एक वडीलधारे गृहस्थ पुढे झाले आणि सर्वांदेखत म्हणाले, "पालखीला गडी पायजेत, ही बया कशाला आलीया?" मंडळी हसली. तो तरुण मान खाली घालून दीपमाळेच्या मागे जाऊन उभा राहिला. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेच्या पुराने निपाणीकडची गावे वेढली, तेव्हा ह्याच खांद्यांनी धान्याची पोती वाहिली होती. त्या वेळी त्याच्या कानाकडे कोणी पाहिले नव्हते!

आता ऐकतो की, "पुरुषांनी पुरुषी वेशातच देवळात यावे" अशी पाटी लावण्याचा पंचमंडळींचा विचार चालला आहे. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ही पाटी लागता कामा नये. कारण तीत धर्म नाही आणि परंपराही नाही. आहे ती केवळ आपल्या डोळ्यांना जडलेली सवय.

वाचकहो, हा 'पुरुषी वेश' म्हणजे नेमका कोणता? पांढरा सदरा आणि विलायती विजार, हाच ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ज्याने विजार घातली आणि शेंडी कापली, त्याला आपल्याच पणजोबांनी भ्रष्ट म्हटले होते. आजही गाभाऱ्यात पूजेला बसताना ती विजार बाहेर ठेवूनच जावे लागते. आत चालते ते सोवळे : तांबडे, पिवळे, जांभळे, जरीकाठी रेशीम. आणि कानात मोती म्हणाल, तर भिकबाळी हा पुरुषाचाच दागिना. वेदमूर्तींच्या कानात ती शोभते, पेशवाईतील सरदारांच्या कानात ती शोभत होती. जेम्स वेल्स ह्या स्कॉटिश चित्रकाराने १७९० नंतर पुण्यात सवाई माधवरावांचे चित्र रंगविले. त्यातील मोत्यांच्या माळा पाहून पेशव्यांस पालखीपासून दूर करण्याची आमच्या पंचांची छाती होईल काय?

मग रंग आणि अलंकार पुरुषाला लाजिरवाणे कधीपासून झाले? ह्याचे उत्तर युरोपात आहे. तेथेही फ्रान्सचा चौदावा लुई लांब केसांचा टोप, रेशीम, झालरी आणि लाल टाचांचे जोडे मिरवीत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील पुरुषांनी हा सारा थाट टाकून काळा कोट पत्करला. फ्ल्युगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली ह्या घटनेला पुरुषांचा 'महान त्याग' असे नाव दिले. तो कोट साहेबाबरोबर आमच्याकडे आला, त्याच्या पाठोपाठ साहेबाची पुरुषत्वाची कल्पनाही आली. आज तिलाच आम्ही पूर्वजांची ठेव म्हणून कवटाळून बसलो आहो.

आता पुराणाकडे वळू. हावेरी जिल्ह्यातील हानगलास लोक विराटनगरी म्हणतात. विराटाच्या घरी अर्जुन बृहन्नडा होऊन वर्षभर राहिला, वेणी घातली, बांगड्या भरल्या, उत्तरेला नृत्य शिकविले. गोग्रहणाच्या वेळी त्याने बांगड्या उतरविल्या हे खरे. परंतु त्याचा पराक्रम त्या बांगड्यांनी वर्षभरात झिजविला नव्हता, हेही तितकेच खरे. म्हार्दोळास आपण ज्या म्हाळसेपुढे नारळ ठेवतो, ती तर साक्षात विष्णूचे मोहिनीरूप. सौंदत्तीच्या डोंगरावर लुगडे नेसलेला जोगप्पा भेटला, तर आपण यल्लम्मा म्हणून हात जोडतो. आणि घरी परतल्यावर शेजारच्या पोराच्या कानातला मोती आपल्याला खुपतो!

कोणी म्हणेल, देवांची गोष्ट निराळी. बरे, माणसांची घेऊ. १९०५ साली नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्र-कर्नाटकाच्या गळ्यातील ताईत झाले. लुगडे कसे नेसावे, नथ कशी घालावी, केसांत फूल कसे माळावे, हे घराघरांतील लेकीसुना एका पुरुषाकडे पाहून शिकल्या. १९६४ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. रंगमंचावर ज्या लालित्याला आपण टाळ्या दिल्या, त्याला देवळाच्या ओट्यावर शिवी का द्यावी?

आणि बेळगावकरांस तर १९२४ ची काँग्रेस विसरता येणार नाही. महात्माजी अध्यक्ष झाले ते ह्या एकाच अधिवेशनाचे. अंगावर पंचा, हातात चरखा. सूत कातणे हे बायकांचे काम मानले जाई. परंतु सभासद व्हायचे तर दरमहा २००० वार सूत दिले पाहिजे, असा नियम ह्याच गावी मंजूर झाला. पुढे १९३१ साली चर्चिलने त्यांच्या उघड्या अंगाची टवाळी केली. कोण लहान ठरला, हे सांगावयास नको.

आम्ही छानछोकीची तरफदारी करीत नाही. सिनेमात पाहून कान टोचणारे पोर उद्या दुसरे काही पाहून मोती काढूनही टाकील. देवळात मर्यादा हवीच, आणि ती स्त्रीपुरुष दोघांसही सारखी हवी. स्नान करून यावे, वस्त्र स्वच्छ असावे, अंग झाकण्या-उघडण्याचा त्या देवळाचा जो रिवाज असेल तो पाळावा. पाटी लावायचीच असेल, तर एवढेच लिहा. परंतु मर्यादा निराळी आणि पुरुषीपणाची परीक्षा निराळी. ही परीक्षा घेण्याचा अधिकार पंचांना कोणी दिला? चारचौघांत एखाद्याला 'बया' म्हणून हिणवताना आपण त्या तरुणाचा अपमान करतोच. शिवाय बाईपण ही शिवी आहे, असे घरातल्या आयाबहिणींनाही ऐकवतो. देवीच्या दारात तरी हे शोभत नाही.

पालखीच्या दांड्याला खांदा लागतो, आणि खांद्यामागे भाव लागतो. तो तरुण दीपमाळेमागे उभा राहिला, पण घरी गेला नाही; आरती संपेपर्यंत हात जोडून तेथेच होता. पुढच्या जत्रेत ज्या वडिलांनी त्याला दूर केले, त्यांनीच त्याला हाक मारून पुढे बोलवावे. वडीलधाऱ्यांच्या पदरी एवढे मोठेपण असते, असा आमचा अजून विश्वास आहे.