ओळखीच्या नंबरवरून फाईल आली? आधी कॉल करा



आज फवारणीचा सल्ला नाही. एका वेगळ्याच किडीबद्दल बोलायचंय.

मागच्या आठवड्यात रात्री आपल्या एका सभासदाच्या नंबरवरून कापूस ग्रुपवर 'पीएम किसान यादी' नावाची फाईल आली. नावाच्या शेवटी इंग्रजीत एपीके ही तीन अक्षरं होती. माणूस ओळखीचा, हप्त्याची वाट सगळेच बघतायत, म्हणून काहींनी ती उघडली. मग त्यांच्याही नंबरवरून तीच फाईल पुढे गेली.

कपाशीत आपण कामगंध सापळा लावतो. मादीच्या वासावर नर पतंग येतो, आत मादी नसतेच. इथंही तसंच. नाव मित्राचं, आत मित्र नसतो.

एपीके म्हणजे यादी नाही, ते ॲप असतं. इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की ते तुमचे एसएमएस वाचू शकतं, बँकेचा ओटीपीसुद्धा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात. त्यासाठी व्हॉट्सॲपवरची कुठलीच फाईल लागत नाही. आपली कंपनीही अशी फाईल पाठवत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते पुढचं. त्या काकांना पहाटेच शंका आली होती. लोक हसतील म्हणून ते दुपारपर्यंत गप्प बसले. तेवढ्यात आणखी दोघांनी फाईल उघडली. ग्रुपवर काहींनी त्यांना अडाणी म्हटलं. मीसुद्धा फोनवर आधी चिडलोच. ते माझं चुकलं. शेतात अळी दिसली की आपण शेजाऱ्याला सांगतो, त्यात लाज कसली? फसलेल्या माणसाला हसलो, तर पुढचा माणूस सांगणारच नाही. आणि त्याच्या गप्प बसण्यात नुकसान आपल्या सगळ्यांचं आहे.

म्हणून एवढं करा:

१. मित्राच्या नंबरवरून फाईल, लिंक किंवा पैशाची मागणी आली तर त्याला साधा कॉल लावा. मेसेज करून विचारू नका, तिकडून चोरच 'हो' म्हणेल.

२. व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड कुणालाच सांगू नका. सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

३. फाईल उघडलीच गेली तर लगेच नेट बंद करा आणि ते ॲप काढून टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, ग्रुपवरही सांगा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

जमत नसेल तर फोन घेऊन संकलन केंद्रावर या, मी करून देतो. कुणी हसणार नाही.

– आपला कृषी सल्लागार