स्कूलबसचा लाल दिवा आणि थांबण्याचे कर्तव्य

अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शाळेची पिवळी बस मुलांच्या चढउतारासाठी थांबली आणि तिचे लाल दिवे उघडझाप करू लागले, की तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला जागीच थांबावे लागते. रस्ता दोनच मार्गिकांचा, म्हणजे जाणाऱ्यांसाठी एक आणि येणाऱ्यांसाठी एक असा असेल, तर समोरून येणाऱ्यालाही हाच नियम लागू होतो. नियम मुळात एवढाच आहे. तरीही तो अनेकांना जाचक वाटतो, आणि त्याविरुद्ध मांडले जाणारे आक्षेप वरवर पाहता इतके समंजस असतात की त्यांची नीट दखल घेतल्यावाचून नियमाचे केलेले समर्थन हा निव्वळ भावनेचा उमाळा ठरेल. वाद नेमका कशाविषयी आहे हे कळण्यासाठी मात्र आधी ही सारी व्यवस्था चालते कशी, ते पाहिले पाहिजे.

बसचा पिवळा रंग 1939 साली ठरला. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क येथे परिषद बोलावली, आणि पहाटेच्या व तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात काळी अक्षरे ज्यावर सर्वांत ठळक दिसतात तो रंग तेथे निवडला गेला. थांबा जवळ आला की आजची बस आधी पिवळसर दिवे लावते; 'वेग कमी करा, बस आता थांबणार आहे' एवढीच ती पूर्वसूचना असते. बस थांबून दार उघडले की लाल दिवे सुरू होतात आणि चालकाच्या बाजूने स्टॉप आर्म बाहेर येतो. स्टॉप आर्म म्हणजे बसच्या अंगाला बिजागरीने जोडलेला, दार उघडल्यावर काटकोनात उभा राहणारा लाल अष्टकोनी फलक. 1992 पासून संघीय मानकानुसार तो प्रत्येक नव्या बसवर सक्तीचा आहे. पुष्कळ बसना पुढच्या बंपरवर एक लांब आडवा दांडाही असतो, जो बाहेर आला की मुलाला बसच्या नाकाला खेटून जाता येत नाही आणि चालकाला दिसेल इतक्या अंतरावरून वळसा घालावा लागतो. रस्ता ओलांडायचा असेल तर मुलाने सुमारे दहा फूट पुढे चालत जायचे, चालकाचा चेहरा दिसेल तेथे थांबायचे, त्याने हाताने खूण केली की बसच्या डाव्या कडेपर्यंत यायचे, पुन्हा थांबून दोन्हीकडे पाहायचे आणि मगच पलीकडे जायचे, असे त्याला शिकवले जाते. थांबण्याचा कायदा या शिकवणीचा उरलेला अर्धा भाग आहे.

आता पूर्वपक्ष. त्याचे सर्वांत भक्कम रूप असे मांडता येईल: कर्तव्याचा उगम धोक्यातून व्हावा, दिव्यातून नव्हे. जेथे एकच मूल उजव्या कडेला उतरून आपल्या अंगणात गेले, रस्ता ओलांडणारे कोणीच नाही, आणि तरीही दोन्ही दिशांची वाहने अर्धा-पाऊण मिनिट खोळंबून राहिली, तेथे कायद्याने माणसाच्या विवेकाचा अवमान केला. चालक प्रौढ आहे, त्याला डोळे आहेत. मूल दिसले तर तो थांबेलच, न दिसल्यास त्याने सावकाश पुढे जावे. या मताला जर्मनीचा दाखलाही मिळतो. तेथील वाहतूक नियमावलीच्या विसाव्या कलमानुसार धोक्याचे दिवे लावून थांब्यावर उभ्या असलेल्या सार्वजनिक बसला किंवा स्कूलबसला पायी चालण्याच्या गतीने ओलांडून जाता येते, मग वाहन त्याच रस्त्यावर समोरून येणारे का असेना. जर्मन मुलांचे त्यावाचून अडत नाही, तर अमेरिकेलाच पूर्ण थांबा कशाला हवा, असा प्रश्न विचारला जातो.

या युक्तिवादातील पहिली चूक म्हणजे 'मूल दिसले तर' हा शब्दप्रयोग. बस हीच मूल आणि वाहन यांच्यामधली भिंत असते. बसच्या पुढून निघालेले सहा वर्षांचे मूल समोरच्या मार्गिकेतल्या चालकाला दिसते तेव्हा ते त्या मार्गिकेच्या तोंडाशी आलेले असते. ताशी 55 मैलांच्या, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरच्या वेगाने जाणारे वाहन सेकंदाला जवळजवळ साडेचोवीस मीटर तोडते. चालकाला भान येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावरही ते साधारण 80 मीटरनंतरच उभे राहते. बारा-बारा फुटांच्या दोन मार्गिका ओलांडायला त्या मुलाला सहा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तेच वाहन दीडशे मीटरच्या आसपास पुढे आलेले असते. म्हणजे मूल पाऊल उचलते तेव्हा जे वाहन दूर वळणावर ठिपक्याएवढे असते, तेच त्याच्या जिवाला धोका असते. विवेक वापरायला जी माहिती लागते ती चालकाला वेळेत मिळतच नाही. मिळतो तो फक्त दिवा. म्हणून दिव्यालाच प्रमाण मानण्यात विवेकाचा अवमान नाही, विवेकाला उपलब्ध असलेल्या एकमेव पुराव्याचा तो आदर आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि आक्षेपकांच्या ती सहसा ध्यानात येत नाही. लाल दिवा एकट्या चालकाशी बोलत नाही, तो मुलाशीही बोलतो. येणाऱ्या वाहनाचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालून 'आता जाता येईल की नाही' हे ठरवण्याची क्षमता लहान मुलात पुरती आलेली नसते. म्हणून त्याला वेगाचे गणित न शिकवता खूण शिकवली जाते. थांबलेली गाडी आणि चालती गाडी यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो, पण हळूहळू पुढे सरकणारी गाडी थांबणार आहे की जाणार आहे, हे मोठ्यांनाही अनेकदा कळत नाही. एखादा चालक 'मूल तर दिसत नाही' असे म्हणून लाल दिव्यापुढून गाडी काढतो, तेव्हा तो केवळ एक नियम मोडत नाही. मुलाला शिकवलेली खूणच तो खोटी ठरवतो, आणि ज्या खुणेवर विसंबून मूल पाऊल टाकते ती खूण खोटी असणे हे खूण मुळीच नसण्यापेक्षा घातक आहे. जर्मनीच्या दाखल्यातही कर्तव्य दिव्याला जोडलेले आहे, दिसणाऱ्या मुलाला नव्हे: बस रिकामी भासली तरी धोक्याचे दिवे चालू असताना पायी चालण्याच्या गतीपेक्षा जास्त वेगाची मुभा तेथेही नाही. मतभेद उरतो तो वेग किती एवढाच, आणि पायी गतीने जाण्याची मुभा म्हणजे ताशी 88 किलोमीटरवरून 5 किलोमीटरवर येणे, हे लक्षात घेतले तर तेथून शून्यावर येण्यात चालकाचे असे किती नुकसान होते?

'मृत्यू तर थोडेच होतात' हा आक्षेप आकड्यांच्या आधाराने येतो, पण आकडे वाचण्यात त्याची गफलत होते. मुलाने शाळेत जाण्यासाठी स्कूलबस हे मोटारीपेक्षा कितीतरी सुरक्षित वाहन आहे. मोटारीपेक्षा बसने जाणारे मूल सुखरूप पोहोचण्याची शक्यता सुमारे सत्तरपट अधिक, असे अमेरिकेची राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा यंत्रणाच सांगते. पण ही सुरक्षितता बसच्या आतली आहे, उंच पाठीच्या, जवळजवळ रचलेल्या, आघात शोषणाऱ्या आसनांनी दिलेली. पायरी उतरताच मूल त्या कवचाबाहेर येते. काही मुले दुसऱ्या वाहनाखाली नव्हे, तर स्वतःच्याच बसखाली सापडतात हे खरे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. मात्र त्यावरून बसचे आरसे, पुढचा दांडा आणि चालकाचे प्रशिक्षण सुधारावे असा निष्कर्ष निघतो, इतरांनी थांबू नये असा नव्हे. शिवाय थोड्या मृत्यूंचे श्रेय थांबणाऱ्यांना आहे, न थांबणाऱ्यांना नाही. 2019 साली स्कूलबस चालकांच्या एकदिवसीय पाहणीत 39 राज्यांतील सुमारे 1 लाख 31 हजार चालकांनी एका दिवसात 95 हजारांहून अधिक वाहने बेकायदा पुढे गेल्याचे नोंदवले. 180 दिवसांच्या शालेय वर्षाला हाच हिशेब लावला तर ती संख्या 1 कोटी 70 लाखांच्या पुढे जाते. यातली बहुतेक वाहने कोणालाही न लागता निघून गेली, ती त्या क्षणी तेथे मूल नव्हते म्हणून.

आक्षेपकांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे: राज्याराज्यांतील नियमांची विसंगती. न्यूयॉर्क राज्यात मध्ये दुभाजक असला तरी दोन्ही दिशांनी थांबावे लागते. हडसन नदीच्या पलीकडे न्यू जर्सीत बसपासून किमान 25 फूट अंतरावर थांबायचे, पण मध्ये उंच दुभाजक असेल तर समोरच्याने ताशी 10 मैलांपर्यंत वेग उतरवून जायचे. ओहायोत चार किंवा अधिक मार्गिकांच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला थांबावे लागत नाही, वॉशिंग्टन राज्यात तीन मार्गिकांपासूनच ही सवलत सुरू होते; टेक्सासमध्ये मात्र मध्ये केवळ डावीकडे वळण्याची मार्गिका असेल तर ते विभाजन मानले जात नाही आणि दोन्ही बाजूंनी थांबावेच लागते. न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणारे आणि नोकरीसाठी न्यूयॉर्क राज्यात गाडी नेणारे मराठी कुटुंब एकाच सकाळी दोन कायद्यांखालून जाते. महाराष्ट्रात थांबलेल्या एसटीच्या किंवा स्कूलबसच्या उजव्या अंगाने पुढे निघणे हा रोजचा परिपाठ आहे, आणि येथील 2011 च्या स्कूलबस नियमांचा भर बस आणि तिच्यातील परिचर यांच्यावर आहे; त्या सवयीने घडलेल्या चालकाला अमेरिकेतील हे कर्तव्यच नवे असते, मग त्यातले पोटभेद तो कोठून जाणणार?

यावर उपाय म्हणून नियम सैल करावा असे म्हणणे म्हणजे ताप मोजता येत नाही म्हणून तापमापक फोडणे होय. खरा प्रश्न हा की सवलतीचा आधार कोणता असावा. मार्गिकांची संख्या हा आधार प्रथमदर्शनी उलटाच वाटतो, कारण रस्ता जितका रुंद तितके ओलांडणे अधिक धोक्याचे. परंतु ओहायोच्या कायद्यात याच सवलतीला दुसरे कलम जोडलेले आहे, ते आक्षेपकही विसरतात आणि समर्थकही: चार किंवा अधिक मार्गिकांच्या अथवा दुभाजकाच्या रस्त्यावर बसने मुलाला त्याच्या घराच्याच बाजूला चढवले-उतरवले पाहिजे. समोरच्या चालकाला मोकळीक दिली, पण मुलाला तो रस्ता ओलांडावा लागू नये ही जबाबदारी मार्ग आखणाऱ्यावर टाकली. सवलतीला अशी जोड असेल तर ती न्याय्य ठरते. जोड नसेल तर ती केवळ मोठ्या रस्त्याने लहान मुलाकडून वसूल केलेली सूट आहे. केवळ रंगाने आखलेल्या रेषेला किंवा वळण्याच्या मार्गिकेला दुभाजक मानू नये, हा टेक्सासचा दंडक या दृष्टीने सर्वत्र स्वीकारण्याजोगा आहे, कारण रंगाची रेषा गाडीला अडवत नाही.

इंडियाना राज्यातील रॉचेस्टरजवळ 30 ऑक्टोबर 2018 रोजी घडलेली दुर्घटना याच ठिकाणी विचारात घ्यावी लागते. सकाळ झाली होती, पण उजाडले नव्हते. राज्य मार्गावर बस लाल दिवे लावून, स्टॉप आर्म उघडून थांबली होती, मुले पलीकडून बसकडे येत होती, आणि समोरून आलेल्या ट्रकने एकाच घरातील तीन भावंडांचा जीव घेतला. चौथे मूल गंभीर जखमी झाले. चालकाने दिवे पाहिले होते, पण ती स्कूलबस आहे हे तिला ओळखता आले नाही, असे तिने सांगितले. पुढच्या वर्षी तिला शिक्षा झाली. कायदा होता, दिवे होते, तरी मुले वाचली नाहीत, म्हणून कायदा निरुपयोगी, असा अर्थ काहींनी या घटनेतून काढला. इंडियानाच्या विधिमंडळाने 2019 मध्ये वेगळा अर्थ काढला आणि तो अधिक योग्य होता: थांबण्याचे कर्तव्य कायम ठेवून, शहराबाहेरील राज्य मार्ग किंवा संघीय महामार्ग मुलाला ओलांडावा लागेल अशा ठिकाणी, दुसरी सुरक्षित जागा उपलब्ध असेल तर, बस थांबवण्यास मनाई करण्यात आली. अनोळखी दिवे दिसले तरी वेग उतरवायचा, ही सवय चालकाला लावणे जितके आवश्यक आहे तितकेच त्या अंधाऱ्या रस्त्यावर मुलाला मुळात पाऊल टाकायला न लावणेही आवश्यक आहे. ही दोन्ही कर्तव्ये एकमेकांना पर्याय नाहीत.

उरला कॅमेऱ्यांचा वाद. स्टॉप आर्मवर बसवलेला कॅमेरा पुढे निघणाऱ्या वाहनाची नंबरप्लेट टिपतो आणि दंडाची नोटीस मालकाच्या पत्त्यावर जाते. न्यूयॉर्क राज्यात पहिल्या वेळी 250 डॉलर. गाडी कोण चालवत होते याचा पुरावा नसल्याने अशा दंडात सामान्यतः परवान्यावर दोषांक चढत नाहीत. पोलिसाने प्रत्यक्ष पकडले तर मात्र त्याच राज्यात दोषांक चढतात आणि 30 दिवसांपर्यंत तुरुंगवासही होऊ शकतो. ही महसुलाची सोय आहे, असे टीकाकार म्हणतात, आणि जेथे यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीला प्रत्येक दंडामागे वाटा मिळतो तेथे ही शंका रास्त आहे. तो वाटा बंद करून कंपनीला ठरावीक मोबदला द्यावा, दंडाची रक्कम थांब्यांच्या दिव्यांसाठी आणि बसमार्गांच्या फेरआखणीसाठी राखून ठेवावी, आणि चित्रफितीत तीन गोष्टी दिसल्याशिवाय नोटीस निघू नये: वाहन बसपाशी पोहोचण्यापूर्वी पिवळसर दिवे पुरेसा वेळ लागलेले होते, स्टॉप आर्म पूर्ण उघडलेला होता, आणि रस्ता त्या राज्याच्या कायद्याने विभाजित ठरणारा नव्हता. या तिन्ही गोष्टी चित्रात स्पष्ट असतील, तर मूल दिसत नव्हते हे उत्तर चालकाच्या बचावासाठी ग्राह्य धरू नये.