पेडल कधी कडक, कधी नरम : घाटातील पिकअप आणि गॅरेजवाल्याची अमानत

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला आणि तेथून पुढे काठीला जाणारा माल आज मुख्यतः पिकअप गाड्यांवर चालतो. वर जाताना किराणा, सिमेंट, पत्रे, खत आणि खाली येताना आमचूर, भगर, मोहफुले. काठीच्या राजवाडी होळीला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून हजारो आदिवासी बांधव जमतात, तेव्हा याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. या गाड्यांचे मालक, चालक, सुटे भाग विकणारे आणि दुरुस्त करणारे मिस्त्री यांत आपल्या समाजाचे लोक पुष्कळ आहेत. म्हणूनच एका रोजच्या तक्रारीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तक्रार अशी असते : "मिस्त्री, ब्रेकचे पेडल कधी कडक लागते, कधी नरम. कधी पार खाली जाते, दुसऱ्यांदा दाबले की ठीक." बहुतेक ठिकाणी उपचारही ठरलेला असतो. चारही चाकांची हवा काढायची, थोडे ब्रेक ऑइल टाकायचे, फार झाले तर मास्टर सिलिंडर बदलायचा. गल्लीत एक फेरी मारायची, पेडल बरे लागले की पैसे घेऊन गाडी मोकळी करायची. आठ दिवसांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत येते. ती परत आली, तर आपण नशीबवान म्हणायचे.

हा दोष सपाट रस्त्यावर, थंड ब्रेकवर आणि रिकाम्या गाडीत सापडत नाही. साधा हिशोब करून पाहा. मालासह तीन टन वजनाची गाडी ३०० मीटर उंचीवरून उतरते, तेव्हा जवळजवळ ८८ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. एवढ्या उष्णतेत २५ लिटर थंड पाणी उकळू शकते. चालक केवळ ब्रेकवर उतरला, तर त्यातील मोठा भाग डिस्क, ड्रम आणि शेवटी ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचतो. ब्रेक ऑइल हवेतील पाणी शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. गाडी पायथ्याशी येऊन थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत लागते. मग मिस्त्री म्हणतो, "गाडीत काही नाही." चालक खोटे बोलत नसतो आणि मिस्त्रीही नाही. पण तपास मात्र झालेला नसतो.

आमच्या मते पाना हातात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. तक्रार सकाळी थंड गाडीत येते की घाट उतरल्यावर? भरलेल्या गाडीत की रिकाम्या? पहिल्या दाबाला की प्रत्येक दाबाला? पेडल कडक होते, स्पंजासारखे नरम होते की पाय ठेवल्यावर हळूहळू खाली सरकते? निम्मा दोष या उत्तरांतच सापडतो.

पेडल नरम असेल आणि दोन-चार वेळा दाबल्यावर वर येत असेल, तर हवा शिरली आहे किंवा मागच्या ड्रममधील शू झिजून अंतर वाढले आहे. बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. मागचा आपोआप जुळणारा ॲडजस्टर मातीने जाम झाला, तर पहिला दाब केवळ ते अंतर भरण्यात जातो. अशा वेळी कितीही हवा काढली तरी उपयोग नाही.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे आणि मग एकसारखा दाब ठेवून मिनिटभर थांबावे. एकदा जोराने, एकदा हलक्या पायाने. पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी कप थकले आहेत. त्याच स्थितीत पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो. गेले नाही, तर व्हॅक्यूमची नळी, एकेरी झडप आणि व्हॅक्यूम पंप तपासावा. डिझेल इंजिनाला बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. पंप अशक्त झाला की एखाद-दुसरा ब्रेक ठीक लागतो. वळणावळणावर लागोपाठ ब्रेक दाबला की पेडल दगडासारखे होते.

खडबडीत रस्त्याचा पट्टा ओलांडल्यावर पहिलाच दाब लांब जात असेल, तर चाकाचे बेअरिंग हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये ढिलाई आली की डिस्क डगमगते आणि ब्रेक पॅड मागे ढकलले जातात. एबीएस असलेल्या गाडीत रेतीवर किंवा चिखलात जोराने ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर जाणवते, तो दोष नव्हे. मात्र एबीएसच्या आत हवा अडकली, तर पुष्कळ गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय पूर्ण निघत नाही.

आता पाट्यांविषयी. घाटात जास्त माल नेता यावा म्हणून मागचे कमानपाटे वाढवून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेली एक झडप असते. गाडी मालाने किती खाली बसली यावरून ती मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. पाटे वाढवले की भरलेली गाडीही उंच राहते. झडपेला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी मिळतो. सारा भार पुढच्या डिस्कवर येतो, पुढचे ऑइल तापते आणि पेडल घाटात बसते. पाटे वाढवणारा, माल भरणारा आणि ब्रेक दुरुस्त करणारा हे तिघे वेगळे असतात, त्यामुळे कोणालाच आपली जबाबदारी वाटत नाही.

मग प्रश्न असा की, हे सारे ठाऊक असूनही तपास का होत नाही? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्या धंद्यात तपासाची मजुरीच नाही. गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, सामान बसवण्याचे देते. पण अर्धा तास गाडीखाली जाऊन दोष शोधण्याचे देत नाही. साहजिकच मिस्त्री आपली कमाई सामानात शोधतो. दुकानदाराकडून कमिशन मिळते म्हणून चांगला मास्टर सिलिंडर काढून दुसरा बसवला जातो आणि खरा दोष जागेवरच राहतो. माप-तोलात कमी देणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनच्या आरंभीच कडक ताकीद आहे, हे आपण सर्व जाणतो. तराजू केवळ धान्याच्या दुकानातच असतो, असे समजण्याचे कारण नाही. नको असलेला भाग विकणे आणि हवा असलेला तपास न करणे, हीसुद्धा आमच्या मते मापातलीच खोट आहे.

म्हणून आमची सूचना अशी. तपासणीची मजुरी वेगळी ठरवा, ती फलकावर लिहा आणि उघडपणे घ्या. ती हलाल कमाई आहे. त्या बदल्यात तक्रार, केलेल्या चाचण्या, सापडलेला दोष आणि बदललेला भाग एका चिठ्ठीवर लिहून द्या. काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा. ब्रेकची गाडी भरलेल्या अवस्थेत आणि उतारावर चालवून पाहिल्याशिवाय सोडू नका.

गिऱ्हाईक ही मजुरी देणार नाही, असे काही बंधू म्हणतील. काठी-मोलगीकडचा चालक संध्याकाळपर्यंत परत जायच्या घाईत असतो आणि त्याच्या खिशातही फारसे नसते, हे खरे. पण त्याच दोषासाठी तो दोन महिन्यांत तीन वेळा घाट उतरून येतो, तेव्हा त्याचे डिझेल, दिवसाची रोजी आणि तीन वेळचे सामान यांचा हिशोब त्याला कोणी दाखवला आहे काय? एकदा दाखवून पाहावे. ज्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, त्याच्या दारात गिऱ्हाइकांची कमी पडत नाही.

सुटे भाग विकणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. ब्रेक ऑइलचा डबा उघडून आठवडेच्या आठवडे काउंटरवर ठेवू नका आणि त्यातून सुटे विकू नका. ते तेथेच पाणी शोषते. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल टाकण्याचा सल्ला तर कोणालाच देऊ नका, त्याने आतील सर्व रबर फुगते. ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता, त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. अस्सल माल पक्क्या बिलावर विकणे आता पूर्वीइतके जड राहिलेले नाही.

गाडीमालकांची जबाबदारी याहून कमी नाही. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये, प्रसंगी इंजिन बंद करून घाट उतरणारे चालक आजही आहेत. इंजिन बंद पडले की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. शिवाय आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे जिवाला धोका आणि बचतही नाही. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. आणि मालाच्या गाडीत माणसे भरू नयेत. कायद्याने ते मना आहेच.

जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळ खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटात कोसळली. दोन्ही वेळा गरीब कुटुंबांतील माणसे मृत्युमुखी पडली. या अपघातांचा ठपका आम्ही ब्रेकवर किंवा कोणा मिस्त्रीवर ठेवत नाही. पण या डोंगरात चुकीला जागा किती थोडी असते, हे त्यांनी दाखवून दिले आहे.

अक्कलकुव्यात जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमसारख्या संस्थेत दीनी तालीमबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही परंपरा आहे. अशा संस्थांनी कामावर असलेल्या मिस्त्रींसाठी दोन-दोन दिवसांचे ब्रेकचे वर्ग घ्यावेत. चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा. होळीपूर्वीच्या आठवड्यात वर जाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासण्याचे शिबिर भरवावे. मोठ्या भांडवलाची गरज नाही. गरज आहे ती दयानतदारीची.

काठीचा चालक आपल्याकडे गाडी सोपवतो, तेव्हा पेडलच्या पलीकडे काय आहे हे त्याला दिसत नाही. ते आपल्याला दिसते. म्हणूनच ती अमानत आहे आणि अमानतीचा हिशोब चिठ्ठीवर लिहिला नाही, तरी तो द्यावा लागणारच आहे.